डोळ्यांनी संगणक चालवताना : मांडणी, कॅलिब्रेशन आणि मराठी टंकलेखन

मोटर न्यूरॉन विकारात, म्हणजे स्नायूंना हालवणाऱ्या मज्जापेशी निकामी करत जाणाऱ्या आजारात, हात आणि वाचा साथ देईनाशी झाली, तरी डोळ्यांची हालचाल बहुतेकदा दीर्घकाळ शाबूत राहते आणि तेवढ्या हालचालीवर विंडोज संगणक चालवता येतो. माझ्या थोरल्या भावासाठी, म्हणजे दादासाठी, ही व्यवस्था बसवताना जे हाती लागले ते इथे मांडतो. उपकरण जोडायला पाच मिनिटे पुरतात. पण डोळ्याला हाताचे काम द्यायचे आणि त्याचे पाहण्याचे कामही निर्वेध चालू ठेवायचे, ही घडी बसायला आम्हांला तीन आठवडे लागले.

पडद्याच्या खालच्या कडेला चिकटणारी, यूएसबीने जोडली जाणारी एक पट्टी चेहऱ्यावर अदृश्य अवरक्त प्रकाश टाकते. त्या प्रकाशाची चमक डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलावर उमटते, आणि ही चमक व बाहुलीचा मध्य यांच्या परस्परस्थितीवरून नजर पडद्यावर कुठे आहे याचे गणित मांडले जाते. प्रत्येकाच्या डोळ्याची ठेवण निराळी असल्यामुळे हे गणित त्या व्यक्तीपुरते जुळवून घ्यावे लागते. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. डोळा एका वेळी जेमतेम एकदोन अंशांचा भागच स्पष्ट पाहतो, आणि 60 सेंटिमीटरवरून एक अंश म्हणजे पडद्यावरचा सुमारे एक सेंटिमीटर. त्यापेक्षा लहान बटणावर नजर अचूक टेकण्याची अपेक्षा ठेवू नये. म्हणून सर्वांत आधी डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन स्केल, म्हणजे अक्षरे आणि बटणे यांचा आकार, 150 टक्क्यांवर न्यावे.

बसण्याची जागा ठरवताना मी सर्वांत जास्त चुकलो, म्हणून तिथे थोडा थांबतो. डोळे आणि पडदा यांत साधारण 60 ते 65 सेंटिमीटर अंतर हवे. पडदा टेबलाला काटकोनात न ठेवता चेहऱ्याला समांतर ठेवावा. मान एका बाजूला कलत असेल तर पडदाही तेवढाच कलता करावा आणि माणूस पलंगावर रेललेला असेल तर हलत्या दांड्याच्या स्टँडवर तो समोर आणावा. पापण्या जड होऊन खाली येत असतील तर पडदा किंचित वर घ्यावा, कारण खाली पाहताना पापणी आणखी उतरते आणि बाहुली झाकली जाते. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात, त्यामुळे चेहऱ्यावर किंवा पट्टीवर थेट ऊन येत असल्यास खिडकीचे पडदे ओढून घ्यावेत. आमच्याकडे सकाळी व्यवस्थित चालणारा कर्सर दुपारी चारनंतर थरथरू लागे. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला आणि कर्सर स्थिर झाला. चष्म्याच्या काचेवर चमक येत असेल तर चष्मा काढण्याआधी पट्टीचा कोन थोडा बदलून पाहावा.

कॅलिब्रेशनच्या वेळी पडद्यावर एकामागून एक ठिपके येतात आणि प्रत्येक ठिपका नाहीसा होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहायचे असते. त्या वेळी मदतनिसाने रुग्णाच्या खांद्यावरून वाकून पाहू नये. पट्टी कधी कधी त्याचेच डोळे पकडते. मी दोनदा हेच केले आणि दोष उपकरणाला दिला. एक डोळा दुबळा असेल आणि उपकरणात तशी सोय असेल, तर चांगल्या डोळ्यावरच मोजमाप ठेवावे.

विंडोजमध्ये 2017 पासून 'आय कंट्रोल' ही सोय अंगभूत आहे. तिच्यामागे एका रुग्णाचा आग्रह होता : या विकाराने ग्रासलेले माजी अमेरिकन फुटबॉलपटू स्टीव्ह ग्लीसन यांनी 2014 साली मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांना डोळ्यांनी चालणाऱ्या साधनांसाठी आवाहन केले आणि तिथून या कामाला चालना मिळाली. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग आय कंट्रोल असे जाऊन ती सुरू करावी. टोबी आय ट्रॅकर 5 सारखे उपकरण, म्हणजे वर सांगितलेली यूएसबीची पट्टी, तिच्याबरोबर चालते. पडद्यावर बटणांची एक पट्टी येते. तिच्यातल्या माउसच्या चिन्हावर नजर रोखायची, मग हव्या त्या जागी नजर स्थिर करायची, जागा बारकाईने जुळवायची आणि शेवटी डावे, उजवे किंवा दुहेरी क्लिक निवडायचे. हे टप्पे सुरुवातीला लांबण लावणारे वाटतात, पण त्यांची गरज आहे. प्रत्येक नजर म्हणजे आज्ञा असे धरले, तर नुसते वाचतानाही क्लिक होत राहतात. हात लावेल ते सोने होणाऱ्या ग्रीक कथेतल्या मिडास राजावरून संगणकशास्त्रात याला 'मिडास स्पर्श' म्हणतात. म्हणून नजर रोखण्याचा अवधी आधी एक सेकंदाच्या आसपास ठेवावा, हात बसल्यावर हळूहळू कमी करावा, आणि 'पॉज'चे बटण कुठे आहे ते पहिल्याच दिवशी दाखवावे. दादा वर्तमानपत्र वाचायला घेताना आधी पॉज करतो. ही सवय त्याला लागली त्या दिवसापासून त्याची डोकेदुखी कमी झाली.

मराठीत लिहिण्यासाठी वेगळी तजवीज लागते, कारण आय कंट्रोलचा कीबोर्ड मुळात अमेरिकन इंग्रजी मांडणीचा आहे. ऑप्टिकी या मोफत, मुक्तस्रोत प्रणालीतून कर्सर नजरेबरोबर फिरवता येतो, आणि क्लिकच्या आधी ती जागा मोठी करून दाखवण्याची सोयही तिच्यात आहे. तिच्या जोडीला विंडोजचा स्वतःचा ऑनस्क्रीन कीबोर्ड उघडावा, भाषा मराठी आणि मांडणी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी) निवडावी, त्याच्या ऑप्शन्समध्ये 'हॉवर ओव्हर कीज' (कर्सर कळीवर थांबला की ती दाबली जाण्याची सोय) चालू करावे आणि खिडकी ताणून पडद्याच्या अर्ध्या उंचीपर्यंत मोठी करावी. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डावीकडे, तर व्यंजने बहुतांशी उजवीकडे असतात, त्यामुळे नजरेला दिशा लवकर पाठ होते. शिफ्ट निवडल्यावर अंकांच्या ओळीत क्ष, ज्ञ, त्र, श्र एकेका कळीवर मिळतात. पाय मोडून जोडाक्षर करण्याचे एकदोन थांबे त्यामुळे वाचतात आणि थकलेल्या डोळ्याला ते थांबे फार मोलाचे असतात.

पहिले काही दिवस एका वेळी वीस मिनिटांहून अधिक बसू नये. टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. जळजळ टिकली तर नेत्रतज्ज्ञांना विचारावे. मान चांगली हलत असेल तर डोक्याच्या हालचालीने कर्सर फिरवणारी साधने आधी वापरून पाहावीत, डोळ्यांवरचा भार तेवढा हलका राहतो.

आय कंट्रोलच्या बोलक्या कीबोर्डमध्ये वाक्ये साठवता येतात. आमच्याकडे तिथे पहिले वाक्य रोमन लिपीत 'लवकर ये' असे ठेवले आहे. उच्चार इंग्रजी वळणाचा येतो, पण स्वयंपाकघरात ऐकू येतो. पडदा आपोआप बंद होण्याची वेळ 'नेव्हर'वर ठेवावी, नाहीतर तो पुन्हा जागा करायला कुणाचा तरी हात लागतो. आणि वीज गेल्यावर उपयोगी पडावा म्हणून मोठ्या अक्षरांतला वर्णमालेचा कागदी तक्ता पलंगाशेजारी टांगून ठेवावा. मी एकेका ओळीवर बोट फिरवतो, हव्या त्या अक्षरावर दादा वर पाहतो.