ओहोटीला किनारा दाखवायचा तर

पर्यावरणाचं काम करणाऱ्या छोट्या संस्था शाळेत जाऊन स्लाइड दाखवतात, पोस्टर स्पर्धा घेतात. त्याला ना नाही. पण मुंबईत बेस्टच्या तिकिटात समुद्र गाठता येतो, तर पोरांना थेट तिथेच न्यावं. वांद्र्याच्या कार्टर रोडचे खडक त्यासाठी उत्तम.

आधी तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दोनची पाऊणपट म्हणजे दीड. त्याआधी सहा तास, साडेसातच्या सुमारास, ओहोटी. शाळकरी मुलांना याहून सोयीची वेळ नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात पाणी खूप मागे हटतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो तेव्हा, जाऊन फारसं काही दिसत नाही. हा झाला अंदाज, दिवस ठरवताना भरती-ओहोटीचा तक्ता पाहाच. पावसाळा टाळा, तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि दंश करणारे, जेलीफिशसारखे ब्लूबॉटलही किनाऱ्याला लागतात.

दहा मुलांमागे एक मोठा माणूस हवा. चपला नकोत, बंद बूट घाला. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की निघा, मग कुणी कितीही "अजून पाच मिनिटं" म्हणो.

आता खरं काम. एका डबक्याभोवती सगळ्यांना बसवा आणि गप्प राहायला सांगा. हे सगळ्यात अवघड! पण दोन मिनिटांत निपचित पडलेला शंख चालायला लागतो, आतून खेकड्याचे पाय बाहेर येतात. रिकामे शंख घरी का न्यायचे नाहीत, हे वेगळं सांगावं लागत नाही. असला खेकडा वाढला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो. दगड उलटायचाच तर एकच, तोही म्होरक्याने, आणि होता तसा परत ठेवायचा, नाहीतर खालचे जीव उन्हात सुकतात. जिवंत शंख उचलू देऊ नका, कोन शंख विषारी असतो. प्रवाळ तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

जमल्यास जवळच्या कोळीवाड्यातल्या एखाद्या मावशींना सोबत घ्या. त्यांचं मानधन मात्र बजेटमध्ये आधीच धरा. फुकटात ज्ञान मागायची सवय संस्थांनी सोडावी.

फोटो त्याच संध्याकाळी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, नावं ओळखून द्यायला तिथे जाणकार असतात. फोटो काढताना शेजारी एक नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. निघताना नाणं उचलायला विसरू नका.