परदेशातून हिवाळ्यात गावी येताय? गिझर नसलेल्या घरी कढत पाण्याची सोय

विदर्भ म्हटलं की सगळ्यांना मे महिना आठवतो. पण नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि गोंदियाकडे थंडीच्या दिवसांत तो दहाच्या खाली जाणं नेहमीचंच आहे. नळ फिरवला की गरम पाणी, अशी परदेशातली सवय घेऊन महिनाभरासाठी खेड्यातल्या घरी उतरलात, तर पहिली परीक्षा सकाळी न्हाणीत होते. बहुतेक जण लगेच बाजारातून काहीतरी विकत आणायला निघतात. त्याआधी घरातलं पाणी कुठून येतं आणि किती वाजता भरलं जातं, ते बघा. अर्धं काम तिथेच होतं.

जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभराच्या सरासरी हवेइतकं राहतं. आपल्याकडे बोअरचं ताजं पाणी कडाक्याच्या थंडीतही साधारण २५ अंश असतं. तेच पाणी छतावरच्या टाकीत रात्रभर राहिलं की पहाटेपर्यंत १५ अंशांवर येऊ शकतं. आंघोळीला ४० अंश पुरतात. म्हणजे टाकीचं पाणी २५ अंशांनी तापवावं लागतं आणि ताजं पाणी फक्त १५ अंशांनी. जळण, गॅस किंवा वीज जे वापराल, त्यात ४० टक्के बचत झाली. म्हणून आंघोळीच्या आधीच मोटर लावा, पाइपात साचलेलं थंड पाणी बादलीभर झाडांना सोडा आणि हाताला कोमट लागू लागलं की भरून घ्या. लाइनच (वीज) रात्री येत असेल, तर ड्रम घरात ठेवा, झाकण लावा आणि त्यावर पोतं गुंडाळा.

दुसरी गोष्ट विसणाची, म्हणजे कढत पाण्यात मिसळायच्या थंड पाण्याची. अख्खी बादली तापवत बसू नका. थोडं पाणी खळखळ उकळवा आणि विसण घाला. २२-२५ अंशांच्या पाण्यात एकास तीन हे प्रमाण बसतं: चार लिटर उकळतं, बारा लिटर विसण. विसण टाकीचं गारठलेलं असेल तर एकास दोन. उष्णता एकूण तेवढीच लागते, पण चार लिटरचा गंज (पातेलं) कोणत्याही शेगडीवर मावतो आणि एकामागून एक माणसं उरकतात. बादलीत आधी थंड पाणी ओता, मग कढत. उलट केलंत आणि मध्येच लहान मुलाने हात घातला, तर क्षणात भाजतं.

चूल आणि बंब

न्हाणीजवळ चूल असेल तर तिच्यासारखी सोय नाही. गुंड (पाणी तापवायचं मोठं भांडं) पाऊण भरा, काठोकाठ नको. उकळी आली की पाणी उतू जाऊन जाळ विझतो. झाकण ठेवाच. झाकण नसलं तर वाफेबरोबर बरीच उष्णता जाते आणि पाण्याला धुराचा वास लागतो, तो केसांत दिवसभर राहतो. गुंड चढवण्याआधी बाहेरून माती-राखेचा ओला लेप दिला, की काजळी नंतर पाण्याने निघते, घासत बसावं लागत नाही.

जळणात पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) आणि तुऱ्हाटी (तुरीच्या काड्या) पेट पटकन घेतात, पण लगेच जळूनही जातात. सारखं पुढे सारत बसावं लागतं. पेटवायला त्या वापरा आणि मागाहून बाभळीचं एखादं लाकूड सारा, त्याचे निखारे टिकतात. गवरी मंद जळते, पाणी गरम राखायला चांगली. हिवाळ्यात बाहेरच्या ढिगावर दव पडतं आणि ओल्या काड्यांचा नुसता धूर होतो. सकाळचं जळण आदल्या संध्याकाळीच आत आणून ठेवावं. पऱ्हाटीचा ढीग पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नये, हेही घरच्यांना सांगा. तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि नव्या कपाशीवर जाते.

चुलीवर आधी स्वयंपाक, मग आंघोळीचं पाणी, असा क्रम बहुतेक घरांत असतो. पहिलं पाणी आजी-आजोबांचं. काकूंना आदल्या रात्रीच विचारून आपली वेळ ठरवून घ्या, म्हणजे कोणाचीच खोळंबा-खोळंब होत नाही.

जुन्या घरात तांब्याचा बंब सापडला तर तो जरूर वापरा. नियम एकच आहे, पण तो मोडायचा नाही: आधी पाणी, मग जाळ. तोटीतून पाणी येतं की नाही हे बघितल्याशिवाय पेटवू नका. कोरड्या बंबाखाली जाळ लागला की सांध्यांची झाळ सुटते आणि बंब गळायला लागतो. आत निखारे असेपर्यंत जितकं पाणी काढाल तितकं थंड वरून घाला.

बंब, शेगडी, गॅस गिझर यांपैकी काहीही बंद न्हाणीघरात पेटवू नका. जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही त्याची लक्षणं, आणि ती जाणवेपर्यंत पाय उचलत नाहीत. तसं वाटलं तर बादली, साबण सगळं सोडून आधी उघड्यावर या.

गॅसवर एका बादलीला साधारण ५० ग्रॅम गॅस जातो. पाहुणे म्हणून चार जण राहणार असाल, तर जादा सिलिंडरचा विषय पहिल्याच दिवशी काढा.

हीटर रॉड

खेड्यात सर्वांत जास्त चालतो तो रॉड, आणि अपघातही त्याचेच होतात. १५०० वॉटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेतो. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तो झेपत नाही. पिन तापते, प्लास्टिक वितळतं, जळका वास येतो. त्याला १६ अँपिअरचा जाड पिनचा पॉइंट हवा. तसा नसेल तर १००० वॉटचा रॉड घ्या आणि वेळ जास्त धरा. आयएसआयचं चिन्ह बघूनच घ्या. इन्व्हर्टरवर रॉड लावू नका.

१५ लिटर ताज्या पाण्याला पूर्ण व्होल्टेजवर १५०० वॉटचा रॉड अकरा-बारा मिनिटं घेतो, टाकीच्या गार पाण्याला अठरा. गावात सकाळी व्होल्टेज १८० वर आलं की रॉडची ताकद साठ टक्केच उरते आणि त्याच कामाला दीडपटीहून जास्त वेळ लागतो. रॉड बिघडला असं समजून कोणी पाण्यात बोट घालून बघतं, ते जिवावर बेततं.

क्रम असा ठेवा. प्लास्टिकच्या बादलीवर आडवी कोरडी काठी ठेवून रॉड तिला अडकवा, तो बादलीला टेकता कामा नये. पाणी रॉडवरच्या दोन खुणांच्या मध्ये असू द्या. मग प्लग, मग बटण. काढताना आधी बटण, मग प्लग, मिनिटभर थांबून मग रॉड. लोखंडी किंवा जस्ताची बादली नको. पायात कोरडी चप्पल हवी, आणि घराला अर्थिंग आहे की नाही हे गावातल्या वायरमनकडून तपासून घ्या. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारं बटण) बसवता आली तर तिच्यावरचा खर्च सगळ्यांत योग्य.

मध्येच लाइन गेली की माणसं रॉड तसाच बाहेर काढून ठेवतात, बटण चालूच. लाइन परत आली की कोरडा रॉड लाल होतो, फुटतो, नाहीतर शेजारचं काहीतरी पेटवतो. लाइन गेली की पहिला हात बटणाकडे.

अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात, रॉडवर पांढरा थर लवकर चढतो. थर जाड झाला की पाणी उशिरा तापतं आणि रॉड आतून जळतो. प्लग काढलेला, थंड रॉड लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. वरचा जोड मात्र कोरडा राहू द्या. चाकूने खरवडू नका.

उन्हाचं पाणी

ज्यांना सकाळीच आंघोळ हवी असं नाही, त्यांच्यासाठी हे फुकट आहे. ठिबकची १६ मिलिमीटरची काळी नळी, छिद्रं न पाडलेली, १०० मीटर घेतली तर तिच्यात साधारण १५ लिटर, म्हणजे बादलीभर पाणी मावतं. टिनाच्या छपरावर दक्षिणेकडच्या उतारावर तिचं वेटोळं पसरा, एक टोक टाकीला, दुसरं तोटीला. दुपारी तीन-चारला पाणी काढून घ्या. ऊन कललं की ते भराभर निवतं. शेतातली वापरलेली नळी असेल तर तिच्यात खताचं पाणी गेलेलं असतं, आधी भरपूर धुऊन घ्या. संध्याकाळपर्यंत पाणी राखायचं असेल, तर झाकणाचा डबा खोक्यात ठेवून चारही बाजूंनी कुटार (भुसा) दाबून भरा.

आणि कधी काहीच सोय नसली, तर आधी पाय, मग मांड्या, हात, पाठ आणि शेवटी डोकं, असं पाणी घ्या. एकदम डोक्यावर गार तांब्या ओतला की श्वास अडकतो, रक्तदाब चढतो. हृदयविकार असलेल्यांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी त्या दिवशी ओल्या पंचाने अंग पुसून घ्यावं. केस दुपारीच धुवावेत.