पायथनमध्ये ‘जुने = नवे’ लिहिलं की कॉपी होते? या चुका टाळा

व्हेरिएबल म्हणजे डबा, असं शिकवायची पद्धत आहे. पायथनपुरती तरी ती सोडून द्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. पायथनमधलं व्हेरिएबल म्हणजे नुसतं नाव. घरात बंड्या, शाळेच्या हजेरीत सदाशिव, पण मुलगा एकच. एका ऑब्जेक्टला (मेमरीतली प्रत्यक्ष लिस्ट, आकडा वगैरे) अशी दोन नावं असणं, हेच अलायसिंग.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे त्याला कॉपी समजणं. ‘गुण’ ही लिस्ट आहे. बॅकअप म्हणून तुम्ही ‘जुने = गुण’ लिहिलंत आणि मग ‘गुण’मध्ये ९० अपेंड केले, म्हणजे शेवटी जोडले. ‘जुने’मध्येही ९० दिसणार. शंका आली तर ‘इज’ने तपासा: ‘जुने इज गुण’ला ट्रू आलं, तर लिस्ट एकच आहे. ‘==’ फक्त मजकूर सारखा आहे का ते सांगतं. आकड्यांवर मात्र ‘इज’ वापरू नका. सीपायथन, म्हणजे आपण सहसा वापरतो तो पायथन, -५ ते २५६ हे पूर्णांक आधीच बनवून ठेवतं, त्यामुळे उत्तर फसवं येतं.

याच्या उलटही चूक होते: दोन नावं एकमेकांना बांधलेली आहेत असं वाटणं. आता ‘गुण = []’ करा. ‘जुने’ रिकामी होत नाही. ‘गुण’ हे नाव तेवढं नव्या लिस्टला लागतं. सी++ मधल्या रेफरन्सला नवी किंमत दिली की मूळ व्हेरिएबलच बदलतं, तसं इथे नाही. म्हणून पायथनला ‘पास बाय रेफरन्स’ (फंक्शनला मूळ व्हेरिएबलच देणं) म्हणू नये. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात सीएलयू भाषेसाठी वापरलेला ‘कॉल बाय शेअरिंग’ हा शब्द चपखल बसतो: फंक्शनला ऑब्जेक्ट मिळतो, तुमचं नाव नाही.

‘+=’ इथे हमखास फसवतं. लिस्टवर ते जुनीच लिस्ट वाढवतं, तर ‘गुण = गुण + [९५]’ नवी बनवतं.

खरी प्रत हवी असेल तर ‘कॉपी’ मेथड आहे, पण ती वरवरची. लिस्टच्या आत लिस्ट असतील तर त्या सामायिकच राहतात. तिथे आतल्या लिस्टचीही प्रत करणारी ‘डीपकॉपी’ लागते. ‘[ओळ] * ३’ ने तक्ता बनवणाऱ्यांनीही सावध राहावं: तिन्ही ओळी एकच असतात, एक खाना बदलला की तीन बदलतात. तिथे कॉम्प्रिहेन्शनमध्ये (कंसातच लूप लिहून लिस्ट बनवायची रीत) दर फेरीला नवी ओळ तयार करा.