पुस्तकात 100 आहे म्हणून 100 लिहू नका : विज्ञानाची ओळख करून देताना या चुका टाळा

बुलडाणा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये विज्ञान शिकवून मला 22 वर्षं झाली. दर जूनमध्ये नवीन रुजू झालेल्या कोणाचा तरी फोन येतोच, "मॅडम, विज्ञान म्हणजे काय, हे पोरांना कसं सांगू? पीपीटी आहे का?" पीपीटी नाही. चुकांची यादी मात्र आहे, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच आहेत.

उत्तर आधी, प्रयोग नंतर

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत पाठ पाहायला गेले होते. वर्ग सातवीचा, विषय पाण्याचा उत्कलनबिंदू. प्रयोगशाळा नव्हती म्हणून सरांनी खिचडीच्या खोलीतला गॅस वापरला, ते मला आवडलं. फळ्यावर मात्र तासाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलेलं : 'निष्कर्ष - पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते.' मग पातेलं चढलं. पाच-सहा पोरं तापमापीवर वाकलेली. पाणी खदखदायला लागलं, लाल रेषा 98 वर आली आणि तिथंच बसली. गॅस मोठा केला तरी हलेना. एका पोरीनं वहीत 98 लिहिलं. मग शेजारणीची वही पाहिली, फळा पाहिला, कंपासमधून खोडरबर काढलं आणि 100 केलं. सरांनी तिच्या वहीवर बरोबरची खूण केली.

अख्खा तास त्या खोडलेल्या आकड्यावर घेता आला असता. उंचावर हवेचा दाब कमी, आणि दाब कमी असला की पाणी कमी तापमानाला उकळतं. साधारण 300 मीटर वर चढलं की एक अंश कमी. ते गाव समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास, म्हणजे 98 हाच आकडा यायला हवा होता. चिखलदऱ्याला, 1100 मीटरवर, तो 96-97 च्या घरात येईल. दुसरी शक्यता अशी की तापमापीच खोटं बोलत असेल. स्वस्तातली तापमापी एखाद-दोन अंश इकडेतिकडे दाखवतेच. मग तिला वितळत्या बर्फात उभी करा आणि शून्य दाखवते का बघा. रसवंतीवर बर्फ मिळतो. दोन शक्यता होत्या आणि दोन्ही गावातल्या गावात तपासता आल्या असत्या. पोरगी शिकली ते वेगळंच : दिसलं ते खोडायचं, फळ्यावरचं उतरवायचं.

माझी सवय सांगते, पद्धत वगैरे नाही. प्रयोगाच्या दिवशी पुस्तक दप्तरात आणि खोडरबरं माझ्या टेबलावर. आकडा पेननं लिहायचा. बदलायचा असेल तर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आणि पातेलं चढण्याआधी प्रत्येकानं अंदाज लिहायचा, काय होईल आणि 'काहून', म्हणजे का, होईल. 'काहून' नसलेला अंदाज म्हणजे मटक्याचा आकडा.

मेणबत्ती आणि मी

दुसरी चूक माझी स्वतःची, आणि ती मी सलग 9 वर्षं केली. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. मी ऐटीत सांगायची : हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, तो जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली. पोरं माना डोलवायची.

मग एका वर्षी मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "मॅडम, मेणबत्ती त इझली नं, मंग पानी आता काहून चढून राह्यलं?"

मी त्याला खाली बसवलं. हो, बसवलं. घंटा व्हायला पाच मिनिटं होती आणि मला उत्तर माहीत नव्हतं. रात्री घरी ओट्यावर तोच प्रयोग केला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. मेणबत्ती जळत होती तोवर पाणी फारसं हललंच नाही. विझल्यावर मात्र सरसर चढलं. मग त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी आणखी वर गेलं. ग्लास तोच, हवा तेवढीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. मग जास्त पाणी आलं कुठून?

भानगड उष्णतेची आहे. ग्लास झाकताना आतली हवा तापून फुगलेली असते, थोडी तर काठाखालून बुडबुडे काढत पळूनही जाते. ज्योत गेली की उरलेली हवा थंड होऊन आक्रसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त तर ताप जास्त, म्हणून पाणीही जास्त. ऑक्सिजन तर पूर्ण संपतच नाही. साधारण 16 टक्के शिल्लक असतानाच मेणबत्ती मान टाकते, आणि जो जळतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतोच की.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "मी चुकीचं शिकवत होते, आणि ते यानं पकडलं." तो पोरगा आठवडाभर छाती काढून फिरला. तेव्हापासून हा प्रयोग मी एका मेणबत्तीवर कधीच थांबवत नाही, आणि पोरांना ग्लासाकडे नाही, घड्याळाकडे बघायला लावते : पाणी कधी चढलं?

पायऱ्यांची पोपटपंची

निरीक्षण, प्रश्न, परिकल्पना, प्रयोग, निष्कर्ष. मनाच्या श्लोकांसारखं पाठ करून घेतात आणि विज्ञान झालं म्हणतात. मग एखादं पोर विचारतं, लोणार सरोवर उल्केनं झालं हे कोणी प्रयोग करून पाहिलं? नाहीच पाहिलं. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं 1823 मध्ये त्याची नोंद केली, आणि पुढं कितीतरी वर्षं ते ज्वालामुखीचं तोंड समजलं जात होतं. बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या खडकात, ज्वालामुखी शोधणं यात वेडेपणा काहीच नव्हता. पण खडकात प्रचंड धक्क्यानंच तयार होणारी काच सापडली, तसे पुरावे 1973 मध्ये मांडले गेले आणि पारडं फिरलं. वयाचंही तसंच. आधी सुमारे 52 हजार वर्षं म्हणत, नंतर वेगळ्या पद्धतीनं मोजलं तर सुमारे 5 लाख 70 हजार आलं. "मंग शास्त्रज्ञ खोटं बोलत होते का?" हा प्रश्न वर्गात येतोच. येऊ द्या, आणि लगेच उत्तर देऊ नका.

जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा गावात चार कारणं फिरत होती, त्यातली दोन दैवी. मी चारही फळ्यावर लिहिली, समोर एकच रकाना : हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं? दैवी कारणांपुढचा रकाना रिकामा राहिला, मला एक शब्द बोलावा लागला नाही. पुढं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले आणि खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव निघाले.

'सिद्धांत' आणि 'नियम'

हे दोन शब्द न उलगडता पुढं जाऊ नका. 'सिद्धांत'मध्ये 'सिद्ध' बसलेला आहे, त्यामुळे पोरांना वाटतं ही काळ्या दगडावरची रेघ. आणि 'नियम' म्हटलं की कोणीतरी केलेला, मोडला तर छडी. एकीनं मला विचारलं होतं, न्यूटननं नियम करायच्या आधी वस्तू कशा पडत होत्या? प्रश्न शंभर टक्के आपल्या शब्दांमुळे पडलेला. मी सांगते, नियम म्हणजे काय घडतं त्याचा नेमका हिशोब, सिद्धांत म्हणजे ते का घडतं याची पुराव्यांवर टिकलेली मांडणी. नियम मोठा झाला की सिद्धांत होतो, असं काही नसतं.

बाकीच्या, घाईघाईनं

एकदाच मोजून निष्कर्ष काढू नका. पोरांचे बाप पेरणीआधी सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघतात, 70 च्या खाली आली तर बियाणं वाढवतात. तेच वर्गात तीन गोणपाटांत करा. आमच्याकडे एकाच पोत्यातल्या दाण्यांचे 64, 71 आणि 68 आले. आता यातला खरा कोणता, यावर तास चालू द्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला. एका कुंडीला शेणखतही घातलं आणि ऊनही जास्त दिलं, तर रोप कशानं वाढलं हे कोण सांगणार?

हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून लाल करून दाखवलं आणि टाळ्या घेतल्या, हा जादूचा खेळ झाला. पुढच्या पाच वस्तू पोरांना घरून आणू द्या.

'विज्ञानानं सिद्ध केलंय' हे वाक्य वर्गात बंद. कोणी, कसं मोजलं ते सांगा.

28 फेब्रुवारीला रामनांच्या फोटोला हार घालून वर्षभराचं विज्ञान उरकू नका.

आणि प्रदर्शन. थर्माकोलचा डोंगर, आत खायचा सोडा, वरून व्हिनेगर, लाल रंग. दरवर्षी तालुक्याला किमान चार ज्वालामुखी फुटतात. मी परीक्षक असले की एवढंच विचारते, "यातून तुला काय कळलं जे आधी माहीत नव्हतं?" पोर बापाकडे बघतं, बाप सरांकडे. तयार मॉडेल विकत आणणाऱ्यांबद्दल मी लिहीतच नाही, बीपी वाढतो.

तापमाप्या घ्यायच्या तर दोन घ्या. एक पहिल्याच आठवड्यात फुटते, आणि फुटली नाही तर दोन्ही एकाच पातेल्यात घालून बघा, आकडे जुळतात का.