वसिष्ठाचा जोडीदार सापडला तो कागदावरच्या वर्तुळामुळे

१२०० मिमी नाभीय अंतराच्या डॉब्सोनियनमधून (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) मी कितीतरी रात्री सप्तर्षीतल्या वसिष्ठ ताऱ्याचा जोडीदार शोधत होतो, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या अरुंधतीवरच थांबत होतो. नकाशात जोडी ठळक दिसे, आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) मात्र किती अंतरावर बघायचं तेच कळत नव्हतं.

मग आधी आयपीसचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, मोजलं. मृगातल्या बाणाचा पश्चिमेकडचा तारा, मिंटाका, जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे, त्यामुळे तो ४ सेकंदांत १ कला (अंशाचा साठावा भाग) सरकतो. दुर्बीण हलू न देता तो मधोमध एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाऊ दिला. १० मिमी आयपीसमध्ये १०४ सेकंद लागले, म्हणजे २६ कला. (दुसरा तारा घेतला तर उत्तराला त्याच्या क्रांतीच्या, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनाच्या, कोज्येने गुणायचं.)

१ कला म्हणजे ५ मिमी धरून १३ सेंमी व्यासाचं वर्तुळ काढलं. अरुंधती सुमारे १२ कला दूर, म्हणजे कागदावर ६ सेंमी. खरा जोडीदार १४ विकलांवर (६० विकलांची १ कला), म्हणजे जेमतेम १ मिमी! मी सगळं क्षेत्र धुंडाळत होतो आणि तो वसिष्ठाला खेटून होता.

दिशेचं कोडंही तिथेच सुटलं. तारा ज्या कडेने बाहेर जातो ती पश्चिम. नळी ध्रुवाकडे किंचित ढकलली की नवे तारे आत येतात ती उत्तर. जोडीदार दक्षिणेला, थोडा पूर्वेकडे. त्या रात्री १२० पट वर्धनात दोन पांढरे ठिपके स्वच्छ वेगळे दिसले, आणि मी बराच वेळ डोळा काढलाच नाही.