कासला पोरांना नेताय? भिंग घेऊन जा

सप्टेंबरात साताऱ्याला येणार असाल तर कास पठार नुसतं फोटोपुरतं बघू नका, पोरांच्या हातात एक साधं भिंग द्या. फुलांचा गालिचा सगळेच बघतात, पण खरी मजा खाली वाकून दवबिंदू नावाचं इवलंसं झाड शोधण्यात आहे, त्याच्या पानांवरचे थेंब पाण्याचे नसून चिकट असतात, किडा बसला की अडकतो आणि झाड त्याला पचवतं, कारण इथल्या जांभ्या दगडावर मातीचा थर इतका पातळ की नायट्रोजन पुरत नाही. शेजारीच सीतेची आसवं नावाची जांभळी फुलं, तीपण किडेखाऊच! आमची मुलगी अर्धा तास हललीच नाही. शनिवार-रविवार टाळा, बुकिंग आधी करा आणि पायवाट अजिबात सोडू नका, फुलं तुडवली जातात हो.