घरच्या सोयाबीनची उगवण कशी तपासायची

कृषी पदविका शिकणाऱ्यांनी हे प्रात्यक्षिक मृगाआधी घरच्या बियाण्यावरच करावे. प्रत्येक पोत्यात खोल हात घालून मूठभर दाणे काढा, एकत्र मिसळा आणि न निवडता १०० मोजा. चांगले चांगले वेचले की आकडा खोटाच येणार. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगा मांडा, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी सावलीत ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात ते दुपारीच वाळते, म्हणून दोनदा पाणी शिंपडा. निथळेल इतके नको, दाणे कुजतात. पाच-सहा दिवसांनी फक्त धडधाकट कोंब मोजा. ७० आले तर एकरी ३० किलो बियाणे पेरा, ६० आले तर ३५. त्याखाली बियाणे बदललेले बरे. सोयाबीनचे साल पातळ असते. पोती आपटली की उगवण घटलीच समजा.